पकूनचा कोपरा : आयर्लंडची जकातसीमा आणि सीमेवरची गावे

स्पाइक मिलिगन हा इंग्रजी विनोदकार १९१८ साली अहमदनगरला (म्हणजे आताच्या अहिल्यानगरला) जन्मला आणि त्याच्या बालपणाची काही वर्षे पुण्यात गेली, हे आपल्याकडे अधूनमधून कौतुकाने सांगितले जाते. त्याचे वडील ब्रिटिश हिंदुस्थानच्या तोफखान्यात होते. ते मूळचे आयर्लंडमधल्या स्लायगोचे. बीबीसीवरच्या 'गून शो'मुळे मिलिगन गाजला. त्याची 'पकून' ही कादंबरी (१९६३) मात्र आपल्याकडे फारशी वाचली गेलेली नाही. आयर्लंडच्या फाळणीची रेषा ठरवणारी समिती घाईघाईत नकाशावर पेन्सिल ओढते आणि ती रेषा पकून नावाच्या काल्पनिक खेड्याच्या मधून जाते. चर्च एका देशात आणि त्याची दफनभूमी दुसऱ्या देशात असा प्रकार होतो. मेलेल्या माणसाला पुरायला न्यायचे तर त्याचा पासपोर्ट हवा. गावातल्या दारूच्या गुत्त्याचा एक कोपरा तेवढा उत्तरेच्या हद्दीत पडतो. तिथे दारू स्वस्त, म्हणून सगळे गिऱ्हाईक त्या कोपऱ्यात दाटीवाटीने उभे आणि बाकीचा गुत्ता ओस.

हसून झाल्यावर इतिहासाकडे वळले की एक गोष्ट लक्षात येते. मिलिगनने क्रम उलटा केला आहे. कादंबरीत आधी समिती येते, मग रेषा आणि रेषेमागून जकातवाले. प्रत्यक्षात समितीचे काम १९२४च्या अखेरीस सुरू झाले तेव्हा जकातीच्या चौक्या उभ्या राहून दीड वर्ष उलटून गेले होते. हा फरक किरकोळ नाही. एखादा देश मोठ्या सामाईक बाजारपेठेतून बाहेर पडतो तेव्हा त्याची किंमत कोणत्या प्रदेशाला मोजावी लागते, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे या क्रमात दडलेले आहे.

थोडे मागे जायला हवे. १८०१च्या कायद्याने आयर्लंड ब्रिटनला जोडले गेले. दोन्ही बेटांमधल्या व्यापारावरचे उरलेसुरले कर १८२०च्या दशकात संपले आणि त्याच दशकात चलनही एक झाले. म्हणजे पुढची सुमारे शंभर वर्षे हा सगळा प्रदेश एकच बाजार होता. त्या शंभर वर्षांत रेल्वे आली, कारखाने आले, बाजाराची गावे वाढली; आणि ती सगळी या बाजाराच्या मापाने वाढली, परगण्यांच्या हद्दी पाहून नव्हे. वायव्येकडचे डेरी हे बंदर डोनेगॉल परगण्याचे नैसर्गिक मोठे गाव होते. डोनेगॉलचा शेतकरी तिथे माल विकायचा, तिथूनच चहा-साखर घ्यायचा आणि हंगामी मजुरीसाठी स्कॉटलंडला जाणारी बोटही तिथेच पकडायचा. मोनॅहन परगण्यातले क्लोनिस (नकाशावर पाहून आपण 'क्लोन्स' म्हणू, तिथली माणसे 'क्लोनिस' म्हणतात) हे चार दिशांच्या रेल्वेमार्गांचे जंक्शन. त्याच्या बाजाराला अर्धे गिऱ्हाईक शेजारच्या फर्मॅना परगण्यातून यायचे. पूर्वेकडे न्युरी आणि डंडॉक ही दोन गावे एकाच रस्त्यावर, एकाच रेल्वेवर आणि एकाच व्यापारावर जगत होती.

१९२० ते १९२२ या काळात फाळणी झाली. सहा परगण्यांचा उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये राहिला आणि उरलेल्या सव्वीसांचे 'आयरिश फ्री स्टेट' झाले. परगण्यांच्या जुन्या हद्दी हीच नवी सीमा ठरली. सुमारे पाचशे किलोमीटरची ही हद्द ओढ्यांतून, शेतांतून, क्वचित घरांच्या परसांतून जात होती. सतराव्या शतकात ती आखणाऱ्यांच्या डोक्यात कस्टमचा अधिकारी असणे शक्यच नव्हते. तरीही फाळणी झाल्यावर वर्ष-दोन वर्षे व्यापाराच्या दृष्टीने विशेष काही बदलले नाही. रेषा कागदावर होती, मालगाडी तिच्यावरून निघून जात होती.

बदल झाला तो १ एप्रिल १९२३ रोजी. त्या दिवशी ईस्टरचा रविवार होता. दक्षिणेत यादवी युद्ध अजून पुरते विझलेले नव्हते. फ्री स्टेटने ब्रिटनपासून स्वतंत्र अशी आपली जकातव्यवस्था त्या दिवसापासून सुरू केली आणि मोजके रस्ते 'मान्य' ठरवून त्यांवर चौक्या बसवल्या. उरलेले शेकडो रस्ते 'अमान्य' झाले. म्हणजे माणसाने चालत जायला हरकत नाही, पण करपात्र माल त्या वाटेने नेणे गुन्हा. हे पाऊल बेलफास्टने किंवा लंडनने उचललेले नव्हते, डब्लिनने उचलले होते, हे विसरून चालणार नाही. फाळणीला अन्याय मानणाऱ्या सरकारनेच तिला लाकडी फाटक आणि खाकी टोपी दिली. कारणे होती. नवजात राज्याला महसूल हवा होता आणि जकातीइतका रोकडा महसूल दुसरा नव्हता. स्वतःचे कर स्वतः ठरवता येत नसतील तर स्वातंत्र्य कसले, हाही मुद्दा होता. शिवाय सीमेचा जाच उत्तरेतल्या व्यापाऱ्यांना जाणवला म्हणजे त्यांची अक्कल ठिकाणावर येईल, असा हिशोबही काही सल्लागारांच्या मनात होता. १९२० ते १९२२ दरम्यान बेलफास्टच्या मालावर जो बहिष्कार घातला गेला, त्याच्यामागेही हाच विचार होता. तो बहिष्कार फसला. बेलफास्टच्या पेढ्यांनी दक्षिणेतली गिऱ्हाइके गमावली, पण त्यांची मते बदलली नाहीत. उलट दक्षिणेशिवाय धंदा कसा करायचा हे त्या शिकल्या. जकातसीमेचेही तेच झाले.

सुरुवातीला दोन्हीकडचे दर सारखेच होते, कारण फ्री स्टेटने ब्रिटनचेच दर तूर्त उचलले होते. म्हणजे पहिल्या वर्षी अडथळा कराच्या ओझ्याचा नव्हता. तो होता कागदांचा, थांबण्याचा, तपासणीचा. डब्लिन-बेलफास्ट गाडी डंडॉकला एकदा आणि न्युरीजवळच्या गोरावुड स्थानकावर पुन्हा एकदा थांबायची, ट्रंका उघडल्या जायच्या. मोटार असेल तर तिच्यासाठी हमीपत्र आणि शिक्के मारून घ्यायची पुस्तिका. आपल्याकडे शहरांच्या वेशीवर जकात नाके असताना ट्रकच्या ज्या रांगा लागत, त्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. मोठ्या पेढीला एक कारकून वाढवून हे निभावता येते. अंडी आणि लोणी टोपलीत घालून चार मैलांवरच्या बाजाराला जाणाऱ्या बाईला निभावता येत नाही. ती बाजार बदलते. बाजार बदलला की उधारी बदलते, ओळखी बदलतात.

खरे संरक्षक कर १९२४पासून आले. अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइद यांनी बूट, साबण, मेणबत्त्या, गोड खाऊ, काचेच्या बाटल्या अशा मोजक्या वस्तूंवर ते बसवले. ब्लाइद स्वतः उत्तरेतल्या लिझबर्नजवळचे प्रोटेस्टंट. साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव वेगळ्या संदर्भात भेटते. १९२५ साली ॲबी थिएटरला सरकारी अनुदान मिळवून देणारे मंत्री तेच, आणि पुढे १९४१पासून पाव शतकभर त्या नाट्यगृहाचे व्यवस्थापकीय संचालकही तेच. राष्ट्रीय रंगभूमी आणि राष्ट्रीय बूट या दोन्ही कल्पना एकाच डोक्यातून निघाल्या होत्या, हे गमतीचे आहे आणि त्या काळाविषयी बरेच सांगणारेही. बुटांवरच्या कराचा फायदा डंडॉकला झाला. १९३०च्या दशकात तिथे बुटांचे कारखाने निघाले. म्हणजे सीमेवरचे प्रत्येक गाव बुडाले असे नाही. पण डंडॉकपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या इनिस्कीन खेड्यात चांभारकाम आणि थोडी शेती करून पोट भरणाऱ्या एका बापाचा मुलगा त्या काळात कविता लिहू लागला होता. त्याचे नाव पॅट्रिक कॅव्हना. आयात बुटावर कर बसला म्हणून चांभाराचे दिवस पालटले नाहीत. इंग्रजी कारखान्याच्या जागी आयरिश कारखाना आला, इतकेच.

डेरीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. हे शर्टांचे शहर. एकोणिसाव्या शतकात तिथल्या टिली यांच्या कारखान्याचा उल्लेख थेट मार्क्सच्या 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडात येतो. कारखान्यात एक हजार कामगार आणि बाहेर खेड्यापाड्यांत आपापल्या घरी बसून शिवणारे नऊ हजार, असे ते उदाहरण आहे. त्या घरी शिवणाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या आणि त्यांतल्या कितीतरी डोनेगॉलमधल्या. कापड डेरीत कापले जायचे, खेड्यात शिवले जायचे आणि परत डेरीत येऊन धुऊन-इस्त्री होऊन बोटीवर चढायचे. एकच शर्ट दोनदा सीमा ओलांडणार. १९२३नंतर त्याची प्रत्येक फेरी ही 'आयात' किंवा 'निर्यात' झाली. घरी शिवण्याचा धंदा त्याआधीच कारखान्यातल्या यंत्रांपुढे माघार घेत होता हे खरे, पण सीमेने त्याची उरलेली वाट अडवली. मार्क्सने त्या घरांतली पिळवणूक दाखवली होती. ती पिळवणूक गेली म्हणून आनंद मानावा, तर तिच्याबरोबर त्या घरातला रोख पैशाचा एकमेव झराही आटला.

रेल्वेचे हाल विनोदी म्हणावे असे होते. 'ग्रेट नॉर्दर्न' कंपनीचा उत्तरेतल्या पोर्टाडाउनहून उत्तरेतल्याच डेरीला जाणारा मार्ग स्ट्रबेननंतर काही मैल डोनेगॉलमधून जायचा, म्हणजे परदेशातून. पेटिगो हे खेडे तर खऱ्याखुऱ्या पकूनसारखे दुभंगलेले. मधून टर्मन नदी, अलीकडे डोनेगॉलमधले पेटिगो, पलीकडे फर्मॅनातले टलीहोमन. लॉख डर्ग या सरोवरातल्या तीर्थक्षेत्राचे रेल्वे स्थानक पेटिगो. शेमस हीनीच्या 'स्टेशन आयलंड' (१९८४) या दीर्घ कवितेत ज्या बेटाच्या यात्रेत कार्ल्टन आणि कॅव्हना यांची भुते कवीला भेटतात, ते हेच बेट. पापक्षालनासाठी अनवाणी फिरायला निघालेल्या यात्रेकरूंची पिशवीही चौकीवर उघडली जायची.

आता सीमा समितीकडे येऊ. १९२१च्या तहातल्या बाराव्या कलमानुसार सीमा रहिवाशांच्या इच्छेनुसार ठरायची होती, मात्र आर्थिक आणि भौगोलिक परिस्थितीशी ती इच्छा सुसंगत असेल तेवढीच. अध्यक्ष दक्षिण आफ्रिकेतले न्यायाधीश रिचर्ड फीदम. फ्री स्टेटचे प्रतिनिधी इओन मॅक्नील, जे पेशाने प्राचीन आयर्लंडचे इतिहासकार आणि गेलिक लीगच्या संस्थापकांपैकी एक. 'आर्थिक परिस्थिती' हे दोन शब्द दक्षिणेला महागात पडले. न्युरीत कॅथलिकांचे बहुमत असूनही, गावाचे व्यापारी संबंध उत्तरेशी आहेत म्हणून ते उत्तरेतच ठेवावे, असे समितीचे मत झाले. आणि डेरीला तिचा शेतीप्रदेश मिळावा म्हणून पूर्व डोनेगॉलचा एक तुकडा उत्तरेला द्यावा, असाही प्रस्ताव निघाला! नोव्हेंबर १९२५मध्ये 'मॉर्निंग पोस्ट'ने ही बातमी फोडली, मॅक्नील यांनी राजीनामा दिला, आणि ३ डिसेंबरला तिन्ही सरकारांनी आहे तीच सीमा कायम केली. अहवाल पेटीत बंद झाला तो १९६९ साली बाहेर आला. माझे मत असे की, ज्या आर्थिक संबंधांच्या आधारे रेषा हलवायची होती, त्या संबंधांना १९२३च्या चौक्यांनी आधीच वळण लावायला सुरुवात केली होती. जकात लावून सीमा खरी करायची आणि मग ती खोटी आहे असा दावा न्यायाधीशापुढे करायचा, ही बाजू मुळातच दुबळी होती.

यानंतरचा मोठा घाव १९३२चा, आणि त्याच्या मुळाशी एक कादंबरीकार आहे. पॅडर ओ'डॉनेल हा डोनेगॉलच्या पश्चिम किनाऱ्यावरचा लेखक. 'आयलँडर्स' (१९२८) ही त्याची कादंबरी बेटावरच्या भुकेचे अतिशय संयत चित्रण करते. जमीनदारांकडून जमिनी विकत घेण्यासाठी कुळांना ब्रिटिश सरकारने जे कर्ज दिले होते, त्याचे हप्ते शेतकऱ्यांनी भरू नयेत, अशी चळवळ त्याने १९२६च्या सुमारास आपल्या भागात सुरू केली. डी व्हॅलेरा सत्तेवर आले आणि त्यांनी हे हप्ते लंडनला पाठवणे बंद केले. रक्कम वर्षाला सुमारे तीस लाख पौंड. ब्रिटनने उत्तरादाखल आयरिश गुरांवर आणि शेतमालावर वीस टक्के कर बसवला, पुढे तो आणखी चढवला. फ्री स्टेटची जवळजवळ सगळी निर्यात ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्याकडेच जात होती. गुरांचे भाव कोसळले. वासरू पोसण्यापेक्षा मारणे परवडेल अशी स्थिती आली आणि सरकार वासरांच्या कातड्यांना अनुदान देऊ लागले. १९३५चा कोळसा आणि गुरे यांच्या अदलाबदलीचा करार आणि १९३८चा एक कोटी पौंडांचा एकरकमी समझोता यांनी हे प्रकरण मिटले. ओ'डॉनेलवर याचा दोष टाकणे सोपे आहे, पण न्यायाचे होणार नाही. १९३३च्या कायद्याने शेतकऱ्याचा हप्ता निम्मा झाला, हे त्याच्या चळवळीचे फळ होते. मात्र ज्या छोट्या शेतकऱ्यासाठी तो लढला, त्याच्याच दावणीची दोन वासरे या लढाईत मातीमोल झाली, हेही तितकेच खरे. त्याच काळात गिनेसने लंडनच्या पार्क रॉयलमध्ये आपला नवा मद्यकारखाना उभारला (१९३६). जकातीची भिंत आली की भांडवल भिंतीच्या दोन्ही बाजूंना घर बांधते. दावणीला असा उपाय नसतो.

माणसाला मात्र कुणी अडवत नव्हते, ही या सीमेची विलक्षण गोष्ट. दोन्ही राज्यांत माणसांची ये-जा मोकळी होती. सगळे निर्बंध होते ते मालावर. त्यामुळे जुने बूट घालून पलीकडे जायचे आणि नवे घालून परत यायचे, हा सर्रास रिवाज झाला. आर्थिक युद्धात रात्री गुरे उत्तरेकडे हाकली जायची. दुसऱ्या महायुद्धात चहा आणि पांढरे पीठ दक्षिणेकडे, लोणी आणि डुकराचे मांस उत्तरेकडे. या चोरट्या व्यापाराच्या गोष्टी सीमेवर आजही रंगवून सांगितल्या जातात आणि त्यांचा सूर नेहमी हसरा असतो. त्या हसण्यावर मी पुरता विश्वास ठेवत नाही. ज्या गावाचा उघड बाजार मोडला आहे, तेच गाव अंधाराच्या बाजारावर जगते.

एक शंका इथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १९२६ आणि १९६१च्या शिरगणत्या शेजारी ठेवल्या तर मोनॅहनची लोकसंख्या सुमारे ६५ हजारांवरून ४७ हजारांवर, लेट्रिमची ५६ हजारांवरून ३३ हजारांवर आणि डोनेगॉलची १ लाख ५२ हजारांवरून १ लाख १४ हजारांवर आलेली दिसते. सीमेने प्रदेश उजाड केला असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण सीमेपासून दूर असलेल्या मेयो परगण्याचे आकडेही १ लाख ७३ हजारांवरून १ लाख २३ हजारांवर आले आहेत. म्हणजे तिथली गळती मोनॅहनइतकीच आणि डोनेगॉलपेक्षा अधिक. लहान तुकड्यांची शेती, थोरल्या मुलाला जमीन आणि बाकीच्यांना बोट, हे सगळ्या पश्चिमेचे दुखणे होते. तेव्हा माणसे गेली ती सीमेमुळे, असे म्हणता येत नाही. सीमेने काय केले, तर गावांच्या परस्परसंबंधांची रचना मोडली. ही गोष्ट शिरगणतीत दिसत नाही, रेल्वेच्या नकाशात दिसते.

तो नकाशा १९५७ साली फाटला. ट्रक आणि बसगाड्यांनी रेल्वेला आधीच जेरीस आणले होते. तोट्यात गेलेली 'ग्रेट नॉर्दर्न' १९५३मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून ताब्यात घेतली होती. पण उत्तरेच्या सरकारला सीमेकडे जाणाऱ्या फाट्यांत रस नव्हता. ३० सप्टेंबर १९५७ रोजी उत्तरेतले बरेचसे फाटे बंद झाले आणि दक्षिणेच्या हाती शेतात जाऊन संपणारे रूळ उरले. चार दिशांच्या क्लोनिसला एकही प्रवासी गाडी राहिली नाही. पेटिगोचे स्थानकही त्याच दिवशी बंद झाले. डोनेगॉलची शेवटची रेल्वे १९५९च्या अखेरीस थांबली. आज सीमेलगतच्या डोनेगॉल, मोनॅहन, कॅव्हन, फर्मॅना आणि टिरोन या पाचही परगण्यांत प्रवासी रेल्वे नाही. १९६५ साली लेमास यांनी ब्रिटनशी मुक्त व्यापाराचा करार केला, १९७३मध्ये दोन्ही देश एकाच दिवशी युरोपीय समुदायात गेले आणि १९९३च्या आरंभी चौक्यांवरची जकात-तपासणी संपली. जकात गेली, पण रूळ परत आले नाहीत. बाजारातून बाहेर पडणे आणि पुन्हा आत येणे ही एकाच रस्त्यावरची जा-ये नसते, हे क्लोनिसच्या स्थानकाइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

म्हणूनच २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हा लंडनच्या वर्तमानपत्रांत न आलेली धास्ती न्युरीत आणि क्लोनिसमध्ये त्याच रात्री आली. उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्क्यांनी संघात राहण्याच्या बाजूने मत दिले होते. चार-पाच वर्षांच्या ओढाताणीनंतर जमिनीवरची सीमा मोकळी ठेवून मालाची तपासणी समुद्राकडे, ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्या मधे नेण्यात आली. २०२३च्या विंडसर आराखड्याने तिचा काच थोडा सैल केला. ही व्यवस्था अमलात आल्यावर पहिल्याच वर्षी, २०२१मध्ये, आयर्लंडच्या दोन भागांमधला व्यापार दोन्ही दिशांनी आधीच्या वर्षाच्या दीडपटीहून अधिक झाला. रेषा कुठे ओढली यावर कोणाचे शेजारी कोण हे ठरते. या वेळी ती समुद्रात ओढली, त्यामुळे तक्रार उत्तरेतल्या युनियनवाद्यांची होती. आणि तक्रारीचा मजकूर १९२३च्या डेरीच्या व्यापाऱ्यांना ओळखीचा वाटला असता.

क्लोनिसहून कॅव्हनला जाणारा रस्ता अवघ्या दहा किलोमीटरांत चार वेळा ही सीमा ओलांडतो. त्याच्या कडेला ड्रमली नावाचा मोनॅहनचा एक तुकडा आहे. तिथे आपल्याच देशातून रस्त्याने जाता येत नाही, उत्तरेतून वळसा घालावा लागतो. चौकी नाही, पाटी नाही. वेगमर्यादेचे फलक तेवढे किलोमीटरचे मैल होतात आणि थोडे पुढे गेले की मैलांचे पुन्हा किलोमीटर.